रसवंती सरांचे ठसे

रसवंती सरांच्या दुकानात बाराही महिने लोक रस प्यायला यायचे आणि रस न पिता परत जायचे. दारव्ह्याच्या बसस्टँडमागच्या गल्लीत त्यांची ती खोली होती. तिथं आधी खरंच रसवंती होती. मालक गाव सोडून गेला तेव्हा सरांनी खोली भाड्यानं घेतली आणि उसाचं मशीनही ठेवून घेतलं. लेथवाल्याकडून त्याचे लोखंडी रोल घासून गुळगुळीत करून आणले आणि त्या रोलमधून ते चित्रं छापू लागले. दारावरची 'रसवंती गृह' ही पाटी त्यांनी काढली नाही. मशीनच्या चाकाला बांधलेले घुंगरूही काढले नाहीत. त्यामुळे सर छापायला लागले की घुंगरू वाजायचे, आणि घुंगरू वाजले की बसमधून उतरलेलं, उन्हानं हैराण झालेलं कोणीतरी आत डोकावायचं.

"दोन गिलास द्या, बर्फ कमी."

"रस काळा हाय," सर शाईनं भरलेले हात दाखवून म्हणायचे. "चालते काय?"

माणूस गोंधळून उभा राहायचा. मग सर त्याला स्टूल द्यायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि दोरीवर वाळत घातलेली चित्रं दाखवायचे. बहुतेक लोक पाणी पिऊन, एखाद्या चित्रापाशी हसून निघून जात. घुंगरू काढून टाका की सर, असं मी एकदा म्हणाले. "कायले काढू?" ते म्हणाले. "मोठ्या लोकायले उद्घाटनाले मंत्री लागते. माह्याकडं घुंगरू हायेत."

त्यांच्याबद्दल मला नीट लिहिता येईल की नाही, मला माहीत नाही. मी चित्रकलेची विद्यार्थिनी नाही. बी.ए.ला आहे, आणि आमच्या घरातून कॉलेजात गेलेली पहिलीच. कॉलेजात काय विचारायचं असतं आणि काय न विचारता करायचं असतं, हे मला अजूनही पुरतं कळत नाही. पहिल्या वर्षी भित्तिपत्रकाचं काम माझ्याकडे आलं आणि कोणीतरी सांगितलं की त्या रसवंतीत निवृत्त ड्रॉइंग सर बसतात, त्यांना विचार. मी गेले आणि बराच वेळ दाराबाहेरच उभी राहिले. सर आतून म्हणाले, "आत ये, बेटा. उभ्या उभ्या फक्त रस पितेत." तुमच्याही गावात असे एखादे सर असतील, ज्यांच्या दारात पहिल्यांदा पाय अडखळला आणि नंतर घरच्यासारखी ये-जा सुरू झाली. माझं तसंच झालं. कॉलेज सुटलं की बसची वेळ होईपर्यंत मी तिथंच असायची.

त्यांची हत्यारं बाजारात मिळणारी नव्हती. ठसा कोरायला ते चपलेच्या तळव्याचं रबर वापरायचे. चांभारकाम करणारे त्यांचे एक दोस्त होते, ते उरलेले तुकडे त्यांच्यासाठी बाजूला ठेवायचे. कोरायचं हत्यार छत्रीच्या काडीचं. मोडकी छत्री दिसली की सरांना दुसऱ्याच्या घरातली असो की रस्त्यावरची, ती मागितल्याशिवाय राहवत नसे. काडीचं टोक दगडावर घासून ते अशी धार आणायचे की रबर लोण्यासारखं निघायचं. कोरताना त्यांची बडबड सुरू असायची. राजकारण, सोयाबीनचा भाव, जुने विद्यार्थी, सगळं. पण नवीन माणसाच्या हातात हत्यार देताना ते एकच गोष्ट सांगत: "यातून काढता येते, यात परत टाकता येत नाई. म्हनून आधी इचार अन् मग हात."

चित्रं कशाची, हे सांगायला हवं. एका चित्रात गावाच्या वेशीवरची पाटी होती. आपल्याकडे अशा पाट्या हल्ली बियाण्याच्या किंवा सिमेंटच्या कंपन्या लावून देतात. पाटीवर कंपनीचं नाव बैलाएवढं आणि खाली कोपऱ्यात गावाचं नाव मुंगीएवढं. एक म्हातारा डोळे बारीक करून ते वाचतो आहे आणि त्याची म्हातारी विचारते आहे, "आपलंच गाव हाय ना?" दुसऱ्या चित्रात वावरातलं बुजगावणं कंपनीचा फुकटचा टी-शर्ट घालून उभं, आणि दोन पाखरं तारेवर बसून बोलत आहेत: "याच्यावर भरोसा ठेव, ब्रँडेड हाय." मी त्या चित्रापाशी इतकी हसले की सरांनी मला पाणी दिलं.

पण त्यांचा खरा विषय अनुदान. "अनुदान शेतकऱ्याच्या नावानं निंगते अन् कंपनीच्या घरी उतरते," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. ते समजावून सांगायचे. सरकार ठिबकच्या पाइपाला अनुदान देतं. मग यादीतल्या कंपनीचा पाइप बाहेरच्या साध्या पाइपापेक्षा नेमका तेवढा महाग होतो. शेतकऱ्याला वाटतं आपल्याला सूट मिळाली. "कंपनीले पाट, शेतकऱ्याले ठिबक," असं म्हणून ते रोलर शाईत फिरवायचे. चित्रात कोणाचं नाव मात्र त्यांनी कधी टाकलं नाही. नाव टाकलं की लोक त्या एका माणसाकडे बघतात आणि बाकीचे सुटतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

छपाईत सगळं उलटं होतं. ठशावर जे उजवीकडे, ते कागदावर डावीकडे. अक्षरंही आरशातल्यासारखी उलटी कोरावी लागतात. सरांना त्याची इतकी सवय झाली होती की ते वर्तमानपत्रही उलटं धरून, मागून उजेड पाडून वाचून दाखवायचे. "आता मले उलटं सरळ दिसते," ते म्हणत, "सरळ पाहाले चष्मा लागते." मी ते गमतीत घ्यायची.

सर हॉलमध्ये कधी प्रदर्शन भरवत नसत. "हॉलमंधी थेच येतेत ज्यायले आधीच पटलं असते," असं म्हणून ते आठवडी बाजार धरायचे. दोरी बांधायची, कपडे वाळत घालतात तशी चिमट्यांनी चित्रं लावायची आणि बाजूला बसून राहायचं. एका वर्षी हिवाळ्यात त्यांनी ठरवलं की पुढचा बाजार बोरी अरबचा. बोरी अरब माझं गाव. मला फार आनंद झाला. कोणतं नवीन चित्र करताय, हे बघायला मी टेबलावर वाकले.

ठशावर दोन माणसं होती. एक घागर घेऊन उभा शेतकरी. दुसरा टोपी घातलेला, झुबकेदार मिशांचा. त्याच्या पाठीमागे पाण्यानं काठोकाठ भरलेली टाकी आणि त्याच्या हातातल्या पाइपातून शेतकऱ्याच्या घागरीत एक थेंब. टोपीवाल्यानं एक हात पुढे करून कागद धरला होता आणि पेन खिशात न ठेवता टोपीत खोचला होता.

माझे बाबा पेन टोपीत खोचतात.

आमचं थोडं वावर आहे, कापूस आणि तूर असते. पण बाबा दारव्ह्याच्या एका कृषी केंद्रात कंपनीचा माणूस म्हणून बसतात. कंपनीनं दिलेली टोपी घालून गावोगाव फिरतात, शेतकऱ्यांचे अनुदानाचे अर्ज भरून देतात, कोणत्या कंपनीचा पाइप घ्यायचा ते सांगतात. माझं कॉलेज त्याच नोकरीवर चालतं. ठशावर सगळं उलटं होतं, तरी मला ते एका नजरेत ओळखू आले.

दोन-तीन दिवस मी बोललेच नाही. बोरीच्या बाजारात बाबा कोणाला काका म्हणतात, कोणाला मामा. त्या सगळ्यांसमोर दोरीवर ते असे लटकणार होते. आणि सरांना सांगितलं तर? ते म्हणतील, कंपनीवाल्याची पोरगी इतके दिवस माझ्याकडे बसत होती. म्हणजे एकतर बाबांची मान खाली जाणार होती, नाहीतर ही खोली मला बंद होणार होती. तिसरं काही मला दिसत नव्हतं. शेवटी सर ठशाच्या कडा कोरून साफ करत असताना मी म्हणाले, "सर, तो टोपीवाला..."

"जमला ना? कृषी केंद्रात पाह्यला मी. टोपीत पेन, अन् फारम भरून राह्यला होता. तिथंच चित्र दिसलं मले."

"ते माझे बाबा आहेत."

सरांनी हत्यार खाली ठेवलं. चष्मा काढून पुसायला लागले, पण फडकं शाईचंच होतं, त्यामुळे काचा आणखी काळ्या झाल्या.

"काहून नाई सांगतलं पहिले?" ते म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, "कशी सांगशीन. मीच कधी इचारलं नाई, तुहे बाबा काय करतेत म्हनून."

मला वाटलं आता ते काहीतरी समजुतीचं बोलतील, पोटासाठी करावं लागतं वगैरे. पण त्यांनी विचारलं, "कसे हायेत?"

"काय?"

"मानूस म्हनून. कसे हायेत तुहे बाबा?"

मी सांगितलं की एकट्या बायका अर्जासाठी आल्या की बाबा त्यांचं काम आधी करतात. मोबाइलवर ओटीपी येत नाही तोवर त्यांच्यासोबत दुकानाबाहेर थांबतात, डबाही तसाच राहतो. कंपनीचा साहेब आला की मात्र खुर्ची सोडून उभे राहतात. ते मला आवडत नाही, हेही सांगितलं.

"हे चित्रात नाई आलं," सर म्हणाले. मग म्हणाले, "मंग काय करू? काढून टाकू हे चित्र? तू म्हन."

पाइपाच्या भावाचं ते जे सांगत होते ते खरं होतं, बाबाही घरी तेच बोलायचे. मी कसंबसं म्हणाले, "चित्र खोटं नाही, सर. पण बाबाही तसे नाहीत."

सरांनी छत्रीची काडी उचलली आणि ठशावरचा पेन कोरून काढला. मग मिशा काढल्या. मग नाकाडोळ्यांच्या रेघाही काढल्या. टोपीखाली नुसती रिकामी जागा उरली. "आता हा कोनीच नाई," ते म्हणाले. "पन तुह्या बाबाले बोलाव. मानसाच्या पाठीमांगं चित्र दाखवाचं नाई. समोर उभं करून दाखवाचं."

काळी छपाई झाली. वरची अक्षरं लाल करायची होती, त्यासाठी दुसरा ठसा लागायचा. एका माणसाच्या डोक्यावर 'कंपनी', दुसऱ्याच्या डोक्यावर 'शेतकरी'. तो ठसा कोरताना सर एक शब्दही बोलले नाहीत. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. लाल छापताना मी कागद लावून देत होते, पण त्या चित्राकडे मी बघितलंच नाही. मला बघवत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी किराणा दुकानाच्या टिनाच्या शेडपासून कडुनिंबापर्यंत दोरी बांधली. बाबांना मी फक्त एवढंच सांगितलं होतं की आमच्या सरांचं प्रदर्शन आहे, या. ते कामावरूनच आले, मोटारसायकल लावली, टोपी डोक्यावरच. सरांना नमस्कार केला. सरांनी त्यांच्या टोपीकडे पाहिलं आणि घसा खाकरला. ते काहीतरी बोलणार तेवढ्यात शेजारी कांदे विकायला बसलेली एक बाई, आमच्या गावात सगळे तिला मावशी म्हणतात, ती दोरीकडे बघत म्हणाली, "मास्तर, हे टोपीवाल्याच्या डोक्शावर शेतकरी काहून लिवलं?"

"कुठं?" सर म्हणाले.

"हे काय. अन् घागरवाला कंपनी."

मी पहिल्यांदा त्या छापलेल्या चित्राकडे नीट पाहिलं. मावशी खरं बोलत होती. सरांनी अक्षरं एक एक करून नीट उलटी कोरली होती, पण दोन शब्दांच्या जागा उलट्या करायच्या राहून गेल्या होत्या. त्यामुळे कागदावर ते शब्द एकमेकांच्या डोक्यावर जाऊन बसले होते. आणि सरांना ते छापताना दिसलं नाही, टांगताना दिसलं नाही. इतकी वर्षं ते ठसाच वाचत आले होते. कागद त्यांनी वाचलाच नव्हता.

बाबा पुढे झाले. त्यांनी चित्र वाचलं, मग परत बघितलं. "टोपी तं माही हाय," ते म्हणाले. "हात पुढं करून उभं राह्यनं बी माहंच." मग सरांकडे वळले. "हा मी हाव काय?"

सरांनी मान हलवली. "हव. तुमाले पाहूनच काढला."

बाबा पुन्हा चित्राकडे बघत राहिले. "बरोबर लिवलं," ते म्हणाले. "गावात मले कंपनीवाला म्हनतेत. कंपनीत मले खेड्यातला म्हनतेत. घरी वावर हाय, तूर उभी हाय, हे कोनी इचारतच नाई. तुमी शेतकरी लिवलं. चांगलं केलं."

"अन् हा घागरवाला?" मावशी सोडायला तयार नव्हती. "या बिचाऱ्याले कंपनी काहून केलं?"

भजीच्या गाडीवरचा माणूस तिथूनच म्हणाला, "मावशी, बियानं कंपनीचं, पाइप कंपनीचा, फवारनी कंपनीची. आंगातलं बनियन बी कंपनीचं. थो कंपनी नाई तं कोन हाय?"

"घागर तेवढी त्याची दिसते," मावशी म्हणाली. आजूबाजूचे हसले.

"थांबा, थांबा," सर म्हणाले. "हे मी केलं नाई. चूक झाली हाय माही. शब्दायच्या जागा बदलल्या."

कोणी विश्वास ठेवेना. मास्तर लाजून राह्यले, असं भजीवाला म्हणाला. बाबा म्हणाले, "चूक तं चूक. यातलं एक मले द्या, सर. घरी लावतो."

"तुमी कंपनीचे मानूस, हे घरी लावसान?"

"म्हनूनच तं मांगून राह्यलो."

मी जिथं होते तिथंच खाली बसले. ते कांद्याचं पोतं होतं. मावशीनं मला लगेच उठवलं. "बाई, कांदे दबतेत माहे. हसाचं असन तं तिकडं जाऊन हास." मी हसत होते हे मला तिच्याकडूनच कळलं.

त्या दुपारी बाबा सरांना जेवायला घरी घेऊन आले. आई भाकरी वाढत होती आणि ते दोघं भांडत होते. सर म्हणत होते, पाइपाचा भाव बघा. बाबा म्हणत होते, भाव तुमचा बरोबर आहे, पण पाइप आला नसता तर तूर वाळली असती, ती काय चित्रात हिरवी राहणार होती? सर म्हणत, मग अनुदान सरळ शेतकऱ्याच्या हातात द्या, कंपनीच्या यादीतून कशाला? बाबा म्हणत, हातात दिलं तर ते लग्नात जाईल. आई मध्येच म्हणाली, "जाऊ द्या लग्नात, आपलंच असते ना लग्न," आणि दोघांनीही आणखी एकेक भाकरी घेतली. मग पुन्हा सुरू. आमच्या घरी आलेल्या शिकलेल्या माणसाशी बाबा असे आवाज चढवून बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. साहेबांसमोर ते हो-हो करतात. सरांसमोर ते ताट बाजूला सारून भांडले. मला किती हलकं वाटलं हे सांगता येत नाही.

हिवाळा असला तरी जाताना दुपारचं ऊन चटकत होतं. बाबांनी स्वतःची टोपी काढून सरांच्या डोक्यावर घातली आणि त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. सर ती काढायला गेले, तर बाबा म्हणाले, "राहू द्या, फुकटची हाय." रसवंती सर कंपनीची टोपी घालून बोरीच्या बाजारातून गेले. दुसऱ्या दिवशी मी त्यांना चिडवलं तेव्हा ते म्हणाले, "सावली चांगली हाय तिची. हे बी आता कुठंतरी कोरावं लागन." आणि मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "माही चूक माह्यापेक्षा हुशार निंगाली, बेटा." त्यांनी ते चित्र कधी दुरुस्त केलं नाही. पण त्यानंतर कोणाही माणसावरून चित्र काढलं की ते आधी त्याच्याकडे जाऊन बसायचे, तो कसा आहे ते विचारायचे. काही चित्रं त्यामुळे झालीच नाहीत. काही आणखी बोचरी झाली.

यंदाच्या उन्हाळ्यात सर नागपूरला मुलीकडे राहायला गेले. मनगट दुखायला लागलं होतं, रबर कोरलं जात नव्हतं. मशीन त्यांच्या जुन्या शाळेनं नेलं. मी आणि बाबा त्यांना बसवर सोडायला गेलो. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण सर खिडकीतून बाबांशीच बोलत होते, विमा कंपन्यांचं काहीतरी. बस सुरू झाली तेव्हा ते मला म्हणाले, "तुह्या बाबाचा नंबर दे वं. भांडाले मानूस लय उशिरा भेटला मले."

आता दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. माझ्याशी दोन वाक्यं बोलतात, अभ्यास काय चालू आहे विचारतात आणि म्हणतात, "दे बाबाले." बाबा फोन घेऊन ओट्यावर जातात. थोड्याच वेळात त्यांचा आवाज चढतो. "नाई सर, ऐका तं माहं. तुमी एकदा वावरात येऊन पाहा." मी पुस्तक उघडून आतल्या खोलीत बसते. त्या आवाजात माझा अभ्यास चांगला होतो.